पिल्लाला मिशा दाखवण्याचा कार्यक्रम

“सर, आमच्या पिल्लाला तुमच्या मिशा दाखवाल का?”

प्रश्न विचारून झाला आणि शाळेच्या व्हरांड्यात अशी शांतता पसरली, की खांबामागे लपलेल्या मैत्रिणीचं, खारूताईचं, बिस्कीट चावणं मध्येच थांबलेलं स्पष्ट ऐकू आलं. तिच्या शेजारी लपलेल्या दुसऱ्या मैत्रिणीनं, वकीलबाईनं, डोळे गच्च मिटून घेतले. पैज तिनंच लावली होती, पण खून बघण्याइतकं तिचं मन घट्ट नव्हतं!

प्रश्न विचारणारी होती भोंगा. गेल्या वर्षापर्यंत वर्गात तिला ‘कुजबुज’ म्हणायचे. हजेरीला ‘हजर’ म्हणायची तेही असं, की बाई बिनदिक्कत तिची गैरहजेरी लावून मोकळ्या व्हायच्या. मग एकदा सकाळच्या रांगेत माईक बिघडला आणि सूचना वाचायची पाळी नेमकी हिच्यावर आली. घाबरून घाबरून ती जी ओरडली, ती थेट फाटकाबाहेरच्या रिक्षावाल्यानं दचकून ब्रेक लावेपर्यंत! त्या दिवशी कुजबुज वारली आणि भोंगा जन्माला आली. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं, “मी कुणालाही काहीही विचारू शकते!”

“कुणालाही?” वकीलबाईनं पकडलं. “मग हेडसरांना विचारून दाखव. मिशांचं.”

आता हेडसरांच्या मिशा म्हणजे साध्यासुध्या नव्हेत. वर्गाच्या दारातून आधी मिशा आत यायच्या, मग थोड्या वेळानं सर. दोन्ही टोकं वर वळलेली, मधला भाग भरदार; दोन खारी तोंडाला तोंड लावून गाढ झोपल्यासारख्या. सर चिडले की त्या खारी जाग्या व्हायच्या!

आत्ता त्या हलत होत्या.

भोंगानं मनातल्या मनात निरोपाचं भाषण सुरू केलं. सरांनी चष्मा नाकावर खाली घेतला आणि विचारलं, “कोणत्या जातीचं?”

“अं... मिशा, सर?”

“पिल्लू गं!”

“जात-बित काही नाही सर. साधंच आहे. भुरं. एक कान उभा, एक आडवा.”

“आणि मिशांना भितं?”

“भितंही आणि भुंकतंही, सर.”

“हं.” सरांनी डावी मिशी कुरवाळली. “रविवारी सकाळी येतो. राहता कुठं?”

पैज जिंकल्यावर माणसानं नाचावं की नाही? भोंगा तिथल्या तिथं खांबाला टेकली. पैज प्रश्न विचारण्याची होती. सर ‘हो’ म्हणतील, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं!

पण खरं सांगायचं, तर तिला मिशा हव्याच होत्या. अगदी निकडीनं! त्याचं असं झालं...

भोंगाच्या बाबांचं चष्म्याचं दुकान. दुकानामागे रिकाम्या खोक्यांचा ढीग असतो, त्यातल्या एका खोक्यात हे पिल्लू सापडलं. भोंगानं ते उचललं, फ्रॉकच्या घोळात घातलं आणि घरी येऊन जाहीर केलं, “हा सम्राट! आता हा आपल्याकडेच राहणार!”

“नको,” बाबा म्हणाले. वर मानसुद्धा केली नाही.

मग रडारड झाली, उपोषण झालं (जेवणापासून दूध प्यायच्या वेळेपर्यंत), आणि शेवटी तह झाला. आईनं लिंबू कापावं तसा प्रश्न मधोमध कापला. पिल्लू काही दिवस राहील. बाबांच्या दोन अटी. एक, नाव घेऊन हाक मारली की ते आलं पाहिजे. दोन, घरी येणाऱ्याजाणाऱ्यांवर भुंकता कामा नये. दोन्ही जमलं तर ठेवू. नाही जमलं तर आत्या रविवारी संध्याकाळी येईल आणि घेऊन जाईल. आत्याकडे मोकळं आवार आहे, तिथं त्याला काय भुंकायचं ते भुंकू दे.

“दोनच अटी?” भोंगा म्हणाली होती. “डाव्या हाताचा खेळ! मी त्याला असं तयार करीन, की रविवारी तुम्हीच त्याला सलाम कराल.”

“सध्या त्याला माझा बूट सोडायला सांग,” बाबा म्हणाले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून दिलं होतं. पिल्लाला लहानपणीच जगाची ओळख करून द्यायची. छत्री, टोपी, काठी, दाढी, मिशी, मिक्सरचा आवाज, सगळं हळूहळू, लांबून, त्याच्या कलानं. ते शांत राहिलं की लगेच खाऊ. जबरदस्ती करायची नाही. आणि चुकलं तर ओरडायचं तर मुळीच नाही. खाऊ दाखवून लक्ष दुसरीकडे वळवायचं.

भोंगा पेटली! छत्री झाली. आईचा रेनकोट घालून घरभर फिरून झालं. मिक्सर आधी बंद असताना दाखवला, मग चालू असताना. टोपी, काठी, व्हॅक्युम क्लीनर, सगळ्यांशी पिल्लाची रीतसर ओळख झाली. अडलं ते मिशीशी. बाबा रोज गुळगुळीत दाढी करणारे. घरात औषधाला मिशी नाही! वरच्या मजल्यावरच्या काकांची होती, बारीक, पेन्सिलीनं रेघ ओढल्यासारखी. पण जिन्यात ते दिसले, की पिल्लू असं भुंकायचं जणू काकांनी त्याचं घर लुटलंय. काकांनी दोनदा बाबांना थांबवून ‘जरा बघा हं’ असं म्हटलं होतं. ‘जरा’वर जोर देऊन.

मग भोंगानं आईच्या भुवयांच्या पेन्सिलीनं स्वतःच्याच ओठांवर झुबकेदार मिशा काढल्या आणि पिल्लासमोर मांडी घालून बसली. पिल्लानं त्या चाटून टाकल्या. तेवढ्यात दार उघडून आई आत आली, गालभर काळं फासलेली मुलगी बघितली, आणि काही न बोलता दार लावून घेतलं. त्या दिवशी आईनं ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन करून बराच वेळ हळू आवाजात काहीतरी विचारलं.

हाकेचं तर त्याहून अवघड. “सम्राऽऽट! चला, अंघोळीला!” म्हटलं की सम्राट गायब. “सम्राऽऽट, औषध!” म्हटलं की पुन्हा गायब. नुसतं ‘सम्’ म्हटलं तरी तो सोफ्याखाली! भोंगाला वाटायचं, नाव फार भारी झालं, बिचाऱ्याला त्याचं ओझं होत असेल.

आणि बाबांचं मात्र सकाळपासून सुरू. “गादीवर नको! पायात नको! पेपर नको! अरे, नको म्हटलं ना!” असा आवाज आला रे आला, की भोंगा घसरत तिथं पोचायची, पिल्लाच्या नाकासमोर बिस्कीट धरायची आणि त्याला बाजूला न्यायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ना, लक्ष वळवायचं! आईचं नको, बाबांचं नको, प्रत्येक नकोला बिस्कीट घेऊन भोंगा हजर.

आश्चर्य असं, की इतकं खेकसूनही ते पिल्लू बाबांच्याच मागे. बाबा दुकानातून यायच्या वेळी दारात जाऊन बसायचं. बाबा पेपर वाचायला बसले, की त्यांच्या पायावर बूड टेकायचं. बाबा हैराण!

“माझ्याच मागे का लागलंय हे? मी याचं काय घोडं मारलंय?”

“मस्का लावतोय,” भोंगा म्हणायची. “हुशार आहे तो.”

तर अशा सगळ्या परिस्थितीत हेडसर रविवारी घरी येणार होते. भोंगानं जेवताना ही बातमी जमेल तितक्या सहज सुरात सांगितली.

“रविवारी सकाळी हेडसर येणार आहेत आपल्याकडे.”

आईच्या हातातला डाव पातेल्यात पडला. “काय केलंस?”

“काही नाही!”

“काही नाही म्हणून हेडसर घरी येतात?”

“पिल्लाला मिशा दाखवायला येणार आहेत.”

बाबांनी घास खाली ठेवला. तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “ठमाकाकू, खोटं बोलावं माणसानं. पण निदान थोडा अभ्यास करून बोलावं.”

“खरंच सांगतेय!”

“कॉपी केलीस का?” आई म्हणाली.

“नाही!”

“कुणाचं डोकं फोडलंस?”

“नाही गं आई! मिशा...”

“मिशांचं नाव काढू नकोस!” आई किंचाळली, आणि टेबलाखालून पिल्लू धावत येऊन तिच्या मांडीवर पुढचे पाय टेकून उभं राहिलं. “आणि याला आधी खाली घे!”

रविवार उजाडला. आईनं घर असं पुसलं, जणू गुन्ह्याचा पुरावाच पुसतेय. बाबांनी लग्नाकार्याला घालायचा मरून रंगाचा कोट घातला आणि आरशासमोर उभं राहून “सर, चूक आमचीच आहे” हे वाक्य वेगवेगळ्या चेहऱ्यांनी म्हणून बघितलं. भोंगाला सक्त ताकीद मिळाली. पिल्लाला घेऊन आतल्या खोलीत बसायचं. हाक मारल्याशिवाय बाहेर यायचं नाही. अवाक्षर काढायचं नाही!

बेल वाजली. भोंगा दाराच्या फटीला डोळा लावून बसली. एका हातात पिल्लू, दुसऱ्या हातात बिस्किटांचा पुडा. आधी मिशा आत आल्या, मग सर.

“या सर, या, बसा,” बाबा खुर्ची पुढं सरकवत म्हणाले.

“कुठं आहे आपलं छोटं?” सरांनी बसायच्या आधीच विचारलं.

“आत आहे, सर,” आई म्हणाली. “लेकरू घाबरलंय जरा.”

“साहजिक आहे. नवा माणूस आला की घाबरतातच. ओरडतं का फार?”

“हल्ली फार!” आईचा बांध फुटला. “आधी अगदी गरीब होतं हो, सर. तोंडातून आवाज निघायचा नाही. आता दिवसभर नुसतं ओरडणं!”

दाराआड भोंगाचा आ वासला. हे कुणाबद्दल चाललंय?

“वयच आहे ते,” सर हसले. “दिसेल ते चावायचं, दिसेल ते फाडायचं. आमच्या ताईकडच्यानं तर अख्खी गादी फाडली. कापूसच कापूस!”

आईनं बाबांकडे बघितलं. बाबांनी आईकडे बघितलं. हेडसरांच्या सख्ख्या भाच्यानं गादी फाडली! एवढ्या मोठ्या घरातसुद्धा असले प्रकार!

“बाहेर नेता का रोज?” सरांनी पुढं विचारलं.

“हिच्या... म्हणजे, मैत्रिणी येतात, त्यांच्याबरोबर जाणं होतं,” बाबा म्हणाले. “पण अंधार पडायच्या आत घरी. त्याबाबतीत आम्ही कडक आहोत.”

“उत्तम. ओळखी व्हायलाच हव्यात. कुणाच्या अंगावर धावून वगैरे जात नाही ना?”

बाबांनी रुमालानं कपाळ टिपलं. “आमच्या पाहण्यात तरी नाही.”

“आणि पट्टा?”

“प... पट्टा?”

“पट्टा लावता ना?”

“सर!” बाबा कोटासकट उभे राहिले. “आम्ही आजवर बोटसुद्धा लावलेलं नाही!”

“अहो, तिथंच तर चुकताय!” सर कळवळून म्हणाले. “पट्टा लहानपणापासून लावायचा. सुरुवातीला ओढाताण करेल, रडेल, जमिनीवर लोळण घेईल. लक्ष द्यायचं नाही. मग इतकी सवय होते, की पट्टा दिसला की स्वतःहून उड्या मारत येतं!”

आईचे डोळे डबडबले. “सर, एकुलतं एक आहे हो आमचं.”

“म्हणूनच सांगतो. आणि नीट वागलं, की ताबडतोब डोक्यावरून हात फिरवायचा आणि एक बिस्कीट द्यायचं.”

दाराआड भोंगाला सगळा उलगडा झाला आणि तिच्या अंगाला दरदरून घाम फुटला. बाहेर धावत जाऊन ओरडावं, ‘आई, ते पिल्लाबद्दल बोलतायत!’ पण काय सांगावं, ज्या आवाजानं रिक्षा थांबवली होती, तो आवाज घशातून वर येईना! भोंगाचा पार फुसका फुगा झाला होता.

बाहेर बाबांनी हात जोडले. “सर, एकदाच काय ते सांगून टाका. शाळेतून काढताय का?”

आता दचकायची पाळी सरांची होती. मिशांची दोन्ही टोकं एकदम वर गेली. “शाळेतून? तुम्ही त्याला शाळेत घातलंय?!”

“म्हणजे? तुमच्याच शाळेत!”

“माझ्या? कोणत्या वर्गात?!”

कुणाला काहीच कळेना. अशा वेळी आईला एकच गोष्ट सुचते. तिनं ट्रे उचलला आणि सरांच्या नाकाखाली धरला. “आधी चहा घ्या, सर!”

“अहो, नको नको, चहा नको!”

झालं! भोंगाच्या हातातलं पिल्लू ओल्या साबणासारखं सटकलं. फट होती बोटभर, पण ते गेलं! बैठकीच्या खोलीतून भुऱ्या रंगाचं काहीतरी सणसणत गेलं आणि थेट हेडसरांच्या मांडीवर आदळलं. ट्रे तिरका झाला, कप उडाला, आणि तो सगळा चहा, साखरेसकट, थेट मिशांवर!

“अरे नको! सरांवर नको!” बाबा ओरडले. पिल्लू सरांच्या मांडीवरून बाबांच्या कोटावर.

“ट्रे! अरे बाळा, नको!” आई ओरडली. पिल्लू बाबांवरून आईच्या पदरात.

“राहू द्या हो, ओरडायला नको!” सर म्हणाले. पिल्लू परत सरांकडे! जणू तिघं मिळून एकमेकांकडे चेंडू फेकतायत. भोंगा बिस्किटांचा पुडा घेऊन मागोमाग धावली, सांडलेल्या चहावरून घसरली आणि बसल्या बसल्या सोफ्यापर्यंत पोचली. पुडा फुटला. बिस्किटांचा पाऊस पडला.

आणि त्या पावसात पिल्लानं काय केलं? सरांच्या छातीवर पाय ठेवले आणि मिशा डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे शांतपणे चाटून साफ केल्या. एकदासुद्धा भुंकलं नाही!

“हेच ना आपलं छोटं?” सरांनी चहा गाळत विचारलं.

आई मटकन खुर्चीत बसली. “म्हणजे... तुम्ही खरोखरच... मिशा दाखवायला आला होता?”

“मग दुसऱ्या कशाला येईन?”

आईनं भोंगाकडे बघितलं. भोंगा चहात बसल्या बसल्या म्हणाली, “मी सांगितलं होतं.”

“आणि पट्टा...” बाबांच्या चेहऱ्याचा रंग कोटाशी जुळायला लागला. “मैत्रिणी... अंधार पडायच्या आत... अरे देवा, काय काय बोललो मी!”

माणूस ओशाळला की कडक होतो. बाबांनी कोटावरचे पंजाचे ठसे बघितले, भिंतीवरचा चहा बघितला, आणि आवाज चढवला. “पुरे झालं आता. संध्याकाळी आत्या येतेय. जाऊ दे याला तिकडे.”

“पण बाबा, मिशीवर भुंकला नाही! सर, सांगा ना! इतक्या मोठ्या मिशीवर नाही भुंकला!”

“खरं आहे,” सर म्हणाले. “मिशीच्या विषयात पास.”

“एक अट झाली,” बाबा म्हणाले. “दुसरी? हाकेला येतं का? बोलाव बघू. सरांच्या समोर बोलाव.”

भोंगा उभी राहिली. ओला फ्रॉक झटकला. सगळा जीव आवाजात आणून तिनं हाक मारली, “सम्राट!”

पिल्लानं सरांच्या मांडीवरून उडी मारली आणि सोफ्याखाली गेलं. शेपटीचं टोक तेवढं बाहेर राहिलं.

“सम्राट, ये ना!”

शेपटीचं टोकही आत गेलं.

सर रुमालानं मिशा पुसत राहिले. भोंगानं खाली बघितलं. तिच्या नाकाच्या शेंड्यावर काहीतरी जमा झालं आणि टपकन पडलं. तो चहा नव्हता. ती बोलली तेव्हा आवाज एवढासा निघाला, गेल्या वर्षीसारखा. “बाबा... राहू दे ना त्याला.”

बाबांनीही मान वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले. “नको गं.”

सोफ्याखाली खुडबुड झाली. एक उभा कान आला, एक आडवा कान आला, आणि मग धुळीनं माखलेलं अख्खं पिल्लू सरपटत बाहेर आलं. चालत चालत बाबांजवळ गेलं, त्यांच्या पायावर बूड टेकलं आणि मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिलं. ‘बोलावलंत?’ असं विचारल्यासारखं.

“हे बघा! आता का आलं हे?” बाबा वैतागले. “आता कुणी बोलावलं याला?”

भोंगाच्या डोक्यात दिवा पेटला. दिवा कसला, अख्ख्या शाळेची रोषणाई! “बाबा, परत म्हणा.”

“काय म्हणू?”

“आत्ता म्हणालात तेच!”

“काय, नको?”

पिल्लाची शेपटी फरशीवर सपासप आपटायला लागली.

भोंगा पळत स्वयंपाकघरात गेली, फ्रिजच्या मागे लपली आणि मागच्या वर्षी टाकून दिलेली ती जुनी कुजबुज शोधून काढून अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “नको.”

फरशीवर नखांचा टकटक आवाज आला. पिल्लू कोपऱ्यावरून वळताना जरा घसरलं, फ्रिजला धडकलं आणि तिच्या पायाशी येऊन बसलं. ताठ. खाऊ कुठाय?

“ये-तो-य!” आता मात्र खरा भोंगा वाजला. वरच्या मजल्यावर काकांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “हाकेला येतोय! आई, तो येतोय! त्याचं नाव सम्राट नाहीच! त्याला वाटतंय त्याचं नाव ‘नको’ आहे!”

हेडसर उठून उभे राहिले. ते मुळात व्याकरणाचे. वर्गात एखादं नवं उदाहरण सापडलं, की त्यांचे डोळे जसे चमकतात तसे ते चमकले. “अहाहा! ‘नको’ हे खरं तर क्रियापद. पण तुमच्या घरात त्याचं चक्क विशेषनाम झालंय! इतका वेळ मी काय म्हणत होतो? नको नको, चहा नको. म्हणजे मीच बिचाऱ्याला तीनदा हाका मारल्या!”

“आणि मी प्रत्येक नकोला बिस्कीट देत होते,” भोंगा म्हणाली, आणि तिचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. “लक्ष वळवायला. म्हणजे... मीच शिकवलं. आणि ‘सम्राट’ म्हणजे त्याला अंघोळ वाटतेय.”

“शिकवणी मात्र चोख हो,” सर म्हणाले. “फक्त धडा चुकला.”

बाबा खुर्चीत बसले. पिल्लू परत आलं होतं आणि त्यांच्या पायावर बसलं होतं. बाबा त्याच्याकडे बघत होते, आणि अख्ख्या गावाला नीट दिसावं म्हणून झटणाऱ्या त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा चष्मा लागावा, तसं त्यांचं झालं होतं.

“म्हणजे मी रोज सकाळी उठल्यापासून...” त्यांनी पिल्लाकडे बोट दाखवलं. “याला...”

“लाडानं हाका मारताय,” आई म्हणाली. “आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त. म्हणून तर ते दारात बसतं तुमची वाट बघत.”

बाबांनी हात खाली नेला. इकडेतिकडे बघितलं, हेडसर भिंतीवरचं कॅलेंडर वाचण्यात गढलेत अशी खात्री करून घेतली, आणि आडवा कान हळूच खाजवला. मग घसा साफ करून म्हणाले, “आत्याला फोन करायला हवा. तिला म्हणावं, येऊ...”

पुढचा शब्द तोंडात आला आणि ते थांबले. पिल्लू कान टवकारून बघत होतं.

“येऊ काय?” आईनं ओठ दाबत विचारलं.

“येऊ दे,” बाबा म्हणाले. “चहाला येऊ दे. रिकाम्या हातानं परत जाईल.”

भोंगानं अशी आरोळी ठोकली, की सरांच्या मिशांवरचा उरलेला चहा आपोआप उडाला! सरांनी जाताना पिल्लाचा पंजा हातात घेऊन हलवला, आईनं पुन्हा चहाचं विचारलं, आणि सर “न...” म्हणून जीभ चावत म्हणाले, “आज राहू द्या.”

दार लागलं. आईनं फडकं घेतलं, बाबांनी कोट उतरवला, पिल्लू उडालेली बिस्किटं गोळा करायच्या कामाला लागलं. भोंगा मात्र खोलीच्या मधोमध उभी राहिली. तिच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं. दोन्ही हात कमरेवर ठेवून, माईक बिघडलेल्या दिवशी उभी राहिली होती अगदी तशी.

“आई, बाबा, मी एक निर्णय घेतलाय. आजपासून याचं नाव ‘नको’. आणि सारखं नाव घेतलं तर तो गोंधळेल, डॉक्टरीणबाईंना विचारा हवं तर. म्हणून आजपासून या घरात कुणीही, कुणालाही, कशालाही नको म्हणायचं नाही! मी काहीही मागितलं तरी!”

आई-बाबांनी एकमेकांकडे बघितलं. बाबांनी बराच विचार केला.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “मान्य.”

भोंगाचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. ती एका दमात म्हणाली, “मग मी मैत्रिणींबरोबर सहलीला जाऊ? मुक्कामाच्या?”

“नाही,” बाबा म्हणाले.

पिल्लानं कानसुद्धा हलवला नाही.